मांडव नाही, ठिबक नाही आणि वेल सव्वाशे वर्षांची (झिनफँडेल या वाइनच्या द्राक्षाच्या जुन्या वेलींबद्दल)

काठावरचा | ७ जुलै, रात्री ११:१८

सासरे गेली पस्तीस वर्षं दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतात. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते मेअखेरीस आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात आले आणि आठवड्यात कंटाळले. नापाला, इथल्या वाइनच्या नावाजलेल्या भागात, नेलं. तिथल्या शिस्तीत उभ्या ओळी, तारा, टोकाला गुलाबाची झाडं बघून "चांगलंय" एवढंच म्हणाले. टेस्टिंगला अर्थातच बसले नाहीत, माळकरी आहेत.

मागच्या शनिवारी मुलीची सॉकरची मॅच अँटिऑकला होती. हे नापासारखं फिरायला जायचं गाव नव्हे. नदीकाठी जुने कारखाने, ट्रकची वर्दळ, विजेचं मोठं सबस्टेशन. त्या सबस्टेशनच्या कुंपणाला लागून वाळूत ओळीने काळी खोडं उभी, प्रत्येकावर हिरवी छत्री. मी तसाच पुढे गेलो असतो. नाना म्हणाले, "थांबव गाडी."

कडेला ट्रॅक्टरवाला होता. नानांनी हात जोडले, वेलीकडे बोट केलं, त्याने मानेनेच "जा" म्हटलं. नाना पुढे होऊन उकिडवे बसले, पानं वर केली आणि बुंध्याची सुटी साल नखाने सोलून आत बघितलं. घरी मिलीबग (पिठ्या ढेकूण) बघतात ना, तसंच. मग हाताने खोडाचा घेर घेतला. दोन्ही तळवे लावले तरी बोटं जुळेनात. मधून खोड पोकळ, एका बाजूची साल जिवंत, आणि त्या एका बाजूच्या जोरावर वर चार-पाच हात फुटलेले. त्यांना हिरवे, गच्च घड.

"मांडव कुठंय?"
नाही.
"ठिबक?"
नाही. उन्हाळ्यात इथे चार-पाच महिने टिपूस पडत नाही.
"कलम कशावर केलंय?"
तेव्हा मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. ही इव्हांजेल्हो नावाची बाग, १८९०च्या दशकातली लागवड, आणि कशावरही कलम नाही. काडी वाळूत खोचली, ती जगली. जात मुख्यतः झिनफँडेल, जोडीला कॅरिन्यान आणि मटारो.

परत येताना नाना गप्प होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "आपली बाग पंधरा वर्षांत उपटायला होते. ह्याचा हिशेब कसा जुळतो?"

तोच प्रश्न इथे टाकतोय. जाणकारांनी लिहावं. वाइन न पिणाऱ्यांनीही.

---

झणझणीत | ७ जुलै, रात्री ११:५१

पहिला! 😀

हिशेब जाऊ दे भाऊ, चव सांग. आणि मटणाच्या रश्श्याबरोबर चालते का?

---

काठावरचा | ८ जुलै, सकाळी ७:०५

@झणझणीत, त्याच बागेची बाटली मागवली. नानांसमोर उघडायला संकोच वाटला, ते झोपल्यावर उघडली. नाकाशी नेल्यावर आधी पिकलेली जांभळं-करवंदं, मग काळी मिरी, मागे थोडी वाळलेल्या अंजिरासारखी छटा. जीभ आवळत नाही, पण पोटात ऊब उतरते. लेबलावर साडेचौदा टक्क्यांच्या वर अल्कोहोल.

मटणाबरोबर चालते, पण फार तिखट रस्सा नको. अल्कोहोल तिखटाला पेटवतं. सुक्या मटणाबरोबर उत्तम. कोल्हापुरी तांबड्याबरोबर घ्यायची असेल तर बाजूला बर्फाचं पाणी ठेव.

---

दोन_डोळे | ८ जुलै, सकाळी ९:४०

मी कृषी पदवीधर, द्राक्ष सल्लागार म्हणून नाशिक-सांगली पट्ट्यात काम करतो. नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊ शकतो.

आपल्याकडे हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नाही. ती बारमाही वाढू बघते. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी. छाटण्या दोन, पीक एक. त्यावर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, मणी फुगावेत म्हणून जीए या संजीवकाचे डोस, एकरी दहा-बारा टनांची अपेक्षा. ती वेल वर्षभर दोन पाळ्यांत राबणाऱ्या कामगारासारखी आहे. पंधरा वर्षांत थकली तर तिचं काय चुकलं?

तिकडे नोव्हेंबरात पानं गळतात आणि वेल खरोखर झोपते. जानेवारी-फेब्रुवारीत एकच छाटणी, प्रत्येक हातावर दोन डोळ्यांच्या (जिथून फूट निघते त्या गाठींच्या) आखूड काड्या ठेवून (माझं नाव तिथूनच 🙂). ओलांडा (तारेवर आडवा नेलेला हात) नाही, तार नाही. खोड गुडघ्यापासून मांडीइतकं उंच, त्यावर पेल्यासारखे हात. मांडवाला लागणारे लोखंड, तार, मजुरी हा सगळा खर्च शून्य. उत्पादनही तसंच, अशा जुन्या बागेत एकरी एक-दोन टन.

कलम नसण्याचं कारण वाळू. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी मावा-जातीची कीड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने युरोपातल्या आणि मग कॅलिफोर्नियातल्या बागा झोपवल्या. वाळूत तिला मुळापासून मुळापर्यंत जाता येत नाही. म्हणून अँटिऑक, ओकली, लोडाय इथल्या वाळूत स्वतःच्या मुळांवरच्या वेली उरल्या. नापाशेजारच्या सोनोमाच्या डोंगराळ मातीत मात्र तेव्हाच सेंट जॉर्ज नावाच्या, किडीला दाद न देणाऱ्या खुंटावर (खालच्या मुळांच्या वेलीवर) कलमं केली गेली. आपण डॉगरिज हा खुंट वापरतो तो क्षार आणि पाणीटंचाईसाठी, किडीसाठी नव्हे. पुष्कळ शेतकऱ्यांचाही इथे गोंधळ होतो.

नानांना एक गंमत सांगा. स्वतःच्या मुळांवरच्या बागेत एखादी वेल मेली की शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत गाडतात, आपलं दाब कलम. मुळं धरली की दोन वर्षांनी आईपासून तोडतात. म्हणजे त्या बागेतली 'नवी' वेलसुद्धा जुनीच.

---

काठावरचा | ८ जुलै, सकाळी १०:१२

दाब कलमाचं नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग ती मरतेच कुठं?"

---

जुनी_वही | ८ जुलै, दुपारी १:२६

झिनफँडेल कॅलिफोर्नियात आणलं ते हारास्ती नावाच्या हंगेरियन सरदाराने ना? सोनोमाच्या ब्युएना व्हिस्टा वायनरीचा संस्थापक. १८६१ साली युरोपभर फिरून त्याने हजारो काड्या आणल्या होत्या. पुढे निकाराग्वात गेला आणि १८६९ मध्ये नदीत नाहीसा झाला, मगरीने नेला म्हणतात. आयुष्य असावं तर असं!

---

गुळवेल | ८ जुलै, दुपारी २:०३

मगरीपर्यंत ठीक 😀 बाकी ती कथा हारास्तीच्या मुलाने, आर्पादने, बापामागे रंगवली. चार्ल्स सुलिव्हन या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं चाळून ती मोडीत काढली.

त्यांच्या मांडणीप्रमाणे ही वेल आली ती जॉर्ज गिब्स या लाँग आयलंडच्या रोपवाटिकावाल्याकडून. १८२०च्या दशकात त्याने व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून वेली मागवल्या. १८३०च्या दशकात बोस्टनमध्ये 'झेनफेंडेल' नावाने ती काचघरात वाढवत आणि चक्क खायची द्राक्षं म्हणून विकत. सोनं सापडल्यावर उसळलेल्या गर्दीत पूर्वेकडचे लोक कॅलिफोर्नियाला निघाले तशी तीही १८५०च्या दशकात तिकडे पोचली. हारास्ती युरोपला निघाला तेव्हा ती सोनोमाच्या आसपास रुजलेली होती.

सोनं संपलं, वेली राहिल्या. अमाडोर परगण्यात, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या टापूतच, 'ओरिजिनल ग्रँडपेअर' नावाची बाग आहे. १८६९च्या जमिनीच्या दस्तात तिचा उल्लेख आहे, आणि त्या वेलींना अजून घड लागतात.

---

मावळतीची | ८ जुलै, संध्या. ६:३०

व्हिएन्नाच्याही मागे जा. हा माझा आवडता भाग. दोन वर्षांपूर्वी क्रोएशियाला गेलो होतो, तेव्हा स्प्लिटजवळच्या काश्टेल गावांतून मुद्दाम हिंडले. नवरा आणि मुलं समुद्रावर, मी द्राक्षं शोधत.

झिनफँडेलचं मूळ कुणालाच माहीत नव्हतं. १९६७ मध्ये ऑस्टिन गोहीन हे अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत बारीला गेले होते. तिथे त्यांना प्रिमितिव्हो ही जात हुबेहूब झिनफँडेलसारखी दिसली. पुढे डीएनएने ते खरं ठरवलं. पण इटलीतही ती बाहेरूनच आलेली. मग माइक ग्रगिच (१९७६च्या पॅरिसच्या प्रसिद्ध स्पर्धेत ज्यांच्या शार्डनेने फ्रेंचांना हरवलं ते, मूळचे डाल्मेशियाचे) ठामपणे म्हणू लागले की आमच्याकडची प्लाव्हाक माली म्हणजेच झिनफँडेल.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ तिकडे गेल्या आणि झाग्रेब विद्यापीठाच्या पेयिच आणि मालेतिच यांच्याबरोबर दीडशेच्या आसपास नमुने गोळा केले. प्लाव्हाक माली झिनफँडेल निघाली नाही, तिची लेक निघाली! मग आई शोधायची. ती सापडली २००१ मध्ये काश्टेल नोव्ही गावातल्या एका सरमिसळ बागेत. हजारो वेलींमध्ये नऊ. स्थानिक नाव त्सर्लयेनाक काश्टेलान्स्की, म्हणजे साधारण 'काश्टेलची तांबडी'. पुढे संग्रहालयातल्या ९० वर्षं जुन्या वाळवलेल्या नमुन्याचा डीएनए तपासला तेव्हा तिचं आणखी जुनं नाव कळलं, त्रिबिद्राग.

विचार करा. जी जात घरी नऊ वेलींवर आली होती, ती परक्या मुलखात हजारो एकरांवर सुखात. माहेरी कुणी ओळखत नाही आणि सासरी मान, असा उलटा प्रकार.

---

झणझणीत | ८ जुलै, संध्या. ६:४४

त्सर्लयेनाक... तीन ग्लासांनंतर म्हणून दाखवा. 🍷

---

शंकासुर | ८ जुलै, रात्री १०:१५

चाललंय छान, जरा मीठ टाकतो.

१) अमेरिकेत लेबलावरच्या 'ओल्ड व्हाइन' या शब्दांना कायद्यात व्याख्याच नाही. वीस वर्षांच्या वेलीवरही कुणी छापू शकतो. गेल्या डिसेंबरात एका दुकानदाराने 'शतायुषी वेलींची' म्हणून बाटली गळ्यात मारली. घरी उघडली तर मुरांब्यात रम ओतल्यासारखी. लेबल नीट वाचलं तर बागेचं नाव नाही, साल नाही, नुसते 'ओल्ड व्हाइन' शब्द सोनेरी अक्षरांत.

२) जुनी वेल म्हणजे चांगली वाइन, हे सिद्ध कुणी केलंय? जुन्या वाड्यांचं आपण म्हणतो ना, काय बांधकाम असायचं! अहो, वाईट बांधलेले वाडे कधीच पडले, उरलेत ते चांगले. वेलींचंही तेच. ज्या बागा सामान्य होत्या त्या सत्तर वर्षांपूर्वीच उपटल्या गेल्या.

---

दोन_डोळे | ९ जुलै, सकाळी ८:२०

शंकासुर, दुसरा मुद्दा मान्य. वाड्यांचं उदाहरण मी शेतकऱ्यांच्या सभेत वापरणार, आगाऊ आभार.

तरी एक सांगतो. झिनफँडेलचं दुखणं म्हणजे घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले, काहींचे बेदाणे झालेले. हिरवे पिकेपर्यंत थांबलं तर बेदाणे वाढतात, साखर चढते, अल्कोहोल पंधरा-सोळावर जातं. शंकासुरांना मुरांबा-रम मिळाली ती बहुधा याच वाटेने. घड गच्च, साल पातळ, म्हणून पाऊस लागला की सड. जोमदार तरुण वेलीत, विशेषतः भरपूर पाणी दिलेल्या, हे सगळं वाढतं. म्हाताऱ्या वेलीचा जोम कमी, घड लहान, मुळं खोल, म्हणून ती कमी बिथरते. हे बागेत दिसतं. त्यातलं किती वयामुळे आणि किती कमी उत्पादनामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे, तेवढं कबूल.

---

लोडायकर | ९ जुलै, सकाळी ११:०८

उशिरा आलो. सॅक्रामेंटोत नोकरी, लोडायमध्ये राहतो, म्हणजे अंगणातला विषय.

शंकासुरांच्या पहिल्या मुद्द्यावर: कायद्यात व्याख्या नसली तरी हिस्टॉरिक व्हिनयार्ड सोसायटी नावाची संस्था जुन्या बागांची नोंद ठेवते. त्यांची अट अशी की बाग किमान ५० वर्षांची हवी आणि आज उभ्या असलेल्या वेलींपैकी किमान एक तृतीयांश मूळ लागवडीच्या हव्यात. त्यामुळे बाटली घेताना 'ओल्ड व्हाइन' शब्द सोडा, बागेचं नाव बघा. नाव असेल तर ती बाग त्यांच्या यादीत सापडते का बघा. ऑस्ट्रेलियात बरोसावाल्यांनी तर २००९ मध्ये सरळ पायऱ्याच केल्या: ३५ वर्षं, ७०, १०० आणि १२५.

आता नानांचा खरा प्रश्न. वेल जगू शकते हे दोन_डोळे यांनी सांगितलं. पण ती जगू दिली का? कुणी प्रेमाने जपली असं वाटत असेल तर विसरा. पुष्कळ वेळा उपटायलाही पैसे नव्हते, किंवा त्या जागेत दुसरं काही लावून फायदा नव्हता.

पहिला तडाखा दारूबंदीचा, १९२० ते १९३३. वायनऱ्या बंद. पण कायद्यात एक फट होती. घरच्या घरी फळांचा रस करायला कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन (साडेसातशे लिटर!) मुभा. रस घरी ठेवला की त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक. पूर्वेकडच्या इटालियन वस्त्यांसाठी आगगाड्या भरभरून द्राक्षं निघाली. जाड सालीचं, आतूनही लाल असलेलं अलिकांते बुशे सर्वात लाडकं, कारण प्रवासात टिके आणि रंग भरपूर. झिनफँडेलही जाई. म्हणजे ज्या कायद्याने वायनऱ्या मारल्या त्यानेच या बागा तारल्या.

दुसरी गंमत १९७०च्या दशकातली. सटर होम वायनरीच्या बॉब ट्रिंचेरो यांची फिकट झिनफँडेल १९७५ मध्ये आंबता आंबता मध्येच थांबली. यीस्ट मेलं, साखर राहिली. गुलाबी, गोडसर. त्यांनी ती तशीच विकली आणि 'व्हाइट झिनफँडेल' नावाने लोकांनी डोक्यावर घेतली. दर्दी लोक अजून नाक मुरडतात, ते सोडा पीत होते म्हणे. पण त्या गुलाबी सरबतामुळे झिनफँडेलला गिऱ्हाईक राहिलं, आणि शेतकऱ्याने कॅबर्ने (जास्त भावाची तांबडी जात) लावण्यासाठी नांगर घातला नाही.

---

शंकासुर | ९ जुलै, दुपारी १२:३०

म्हणजे वारसा वाचवला कुणी, तर दारूबंदीने आणि फसलेल्या घाण्याने. हे मला पटतं. यात कुणाचं पुण्य नाही.

---

लोडायकर | ९ जुलै, दुपारी १२:५२

अगदीच पुण्य नाही असं नाही. १९६०-७०च्या दशकात काही वेड्यांनी जुन्या बागांची वाइन वेगळी ठेवून त्यावर बागेचं नाव घालायला सुरुवात केली. रिज वायनरीची गायझरव्हिल १९६६ पासून. जोएल पीटरसन यांनी १९७६ मध्ये रेव्हन्सवूड काढली, त्यांचं घोषवाक्य "नो विम्पी वाइन्स", म्हणजे 'मिळमिळीत वाइन मिळणार नाही'. पुढे टर्ली वायनरी. मग जुन्या बागेच्या मालकाला कळलं की आपल्या द्राक्षांना नाव आहे.

आणखी एक. या जुन्या बागा एकाच जातीच्या नाहीत. झिनफँडेल मुख्य, मध्ये मध्ये पेटिट सिराह, कॅरिन्यान, अलिकांते, मटारो. शेतकऱ्याने लावतानाच मिसळण केलेली, सगळं एकत्र तोडायचं, एकत्र आंबवायचं. आपल्या मिसळीच्या धान्यासारखं. सोनोमाच्या बेडरॉक बागेत वीसहून जास्त जाती मोजल्या आहेत. ती बाग १८५४ मध्ये दोघांनी सुरू केली, शर्मन आणि हुकर, दोघेही पुढे अमेरिकन यादवी युद्धातले सेनापती. फायलोक्सेराने ती गेल्यावर १८८८ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांनी पुन्हा लावली, वृत्तपत्रवाल्या हर्स्टचे वडील. आता ती पीटरसन कुटुंबाकडे आहे. आणि काठावरचा, तुमची अँटिऑकची बागही २०१७ पासून पीटरसनांचे चिरंजीव मॉर्गन यांच्या बेडरॉक वाइन कंपनीकडे आहे.

---

काठावरचा | ९ जुलै, रात्री ९:४५

लोडायकर, खूप आभार. दोन गोष्टी मलाही सापडल्या.

एक, त्या वाळूच्या प्रकाराचं अधिकृत नाव आहे 'दिल्ली'! कॅलिफोर्नियात त्या नावाचं गाव आहे, उच्चार मात्र 'डेलहाय'. नानांना सांगितलं, "ही दिल्लीची माती." ते म्हणाले, "दिल्लीत कधी काही पिकतं का."

दोन, शेजारच्या ओकलीत जुन्या वेली राखणाऱ्या क्लाइन कुटुंबाचे आजोबा व्हॅलेरियानो जकुझी. होय, तेच, बुडबुड्यांच्या टबवाले जकुझी. नळ बसवणाऱ्यापासून फाइव्ह स्टार हॉटेलापर्यंत सगळे ज्यांचं नाव घेतात त्या घराण्याची द्राक्षाची शेती होती.

आता हिशेब. नाना आणि मी किचन टेबलावर बसून केला. एकरी दीड टन. टनाला सातशेच्या आसपास बाटल्या, म्हणजे हजारभर बाटल्या. वाइन स्वतः करून चाळीस-पन्नास डॉलरला विकली तर बरं चालतं. पण नुसती द्राक्षं विकली तर नापाच्या कॅबर्नेच्या जवळपासही भाव नाही, आणि टन तर दीडच. नाना म्हणाले, "म्हणजे वेल जुनी असून भागत नाही, वायनरी पण आपलीच पाहिजे."

मग म्हणाले, "आणि जमीन बिल्डरच्या नजरेत नको."

---

सात्त्विक | १० जुलै, सकाळी ६:५५

दारूचं एवढं कौतुक! ज्या महाराष्ट्रात दारूपायी संसार उद्ध्वस्त होतात तिथल्या भाषेत हे लिहिताना लाज वाटायला हवी. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा लोकांनी विरोध केला तो उगाच नाही.

---

झणझणीत | १० जुलै, सकाळी ७:३०

आला, आला. धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

मावळतीची | १० जुलै, सकाळी ८:१०

सात्त्विकदादा, मुद्दा गंभीर आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण इथे ज्यांनी सगळ्यात चांगले प्रश्न विचारलेत ते नाना माळकरी आहेत.

---

गंगापूर_रोड | १० जुलै, दुपारी ३:२०

आपल्या नाशिकचं कुणी बोलेचना! सुला वायनरीचे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकलेले, कॅलिफोर्नियात नोकरी केलेले. त्यांचे सुरुवातीचे सल्लागार वाइनमेकर केरी डॅम्स्की सोनोमाचे. त्यामुळे १९९०च्या दशकाच्या अखेरीस नाशिकला जी वाइनची द्राक्षं लागली त्यात झिनफँडेल आली. फ्रान्सचा सल्लागार असता तर बहुधा आली नसती. आजही सुलाची तांबडी झिनफँडेल आणि गुलाबी रोझे दोन्ही मिळतात.

मी रोझे पितो. थंडगार, साबुदाणा वड्याबरोबर. कुणी हसू नये.

---

दोन_डोळे | १० जुलै, संध्या. ५:४०

साबुदाणा वड्याला अनुमोदन 😀

पण नाशिकच्या झिनफँडेलची अँटिऑकशी तुलना नको. एकच जात, पण इथे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात. इथे फळ पिकताना दिवस वाढत जातात, तिथे आखडत जातात. आणि दोन छाटण्यांचा हिशेब आहेच. नाशिकमध्ये शंभर वर्षांची वेल बघायला आपण कुणी नसू, आणि बहुधा वेलही नसेल.

---

सांता_रोझाची_ताई | ११ जुलै, सकाळी ९:१५

सहसा फक्त वाचते. ऑक्टोबर २०१७ च्या आगीत आमच्या गल्लीतली निम्मी घरं गेली. आमचं वाचलं. आठवड्याने परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं काळं, आणि मध्ये द्राक्षबागा हिरव्या-पिवळ्या जशाच्या तशा. आग त्यांच्या कडेला येऊन थांबली होती. ओलसर वेल, खाली मोकळी माती, पेटायला काही नाही. कडेच्या एक-दोन ओळी तेवढ्या होरपळल्या.

२०२० मध्ये मात्र उलटं झालं. वेलींना धक्का नाही, पण आठवडेच्या आठवडे धूर. धूर मण्यांच्या सालीत मुरतो आणि वाइनला विझलेल्या चुलीची चव येते. त्या वर्षी ओळखीच्या एका शेतकऱ्याची द्राक्षं कुणीच घेतली नाहीत, वेलीवरच राहिली. शंभर वर्षांच्या वेलीला एक वर्ष काही नाही हो, पण त्याला होतं.

---

काठावरचा | ११ जुलै, रात्री १०:३०

ताई, लिहिलंत बरं केलंत. नानांना वाचून दाखवलं. त्यांनी २००९च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाची गोष्ट काढली, फुलोऱ्यात पाऊस, मग केवडा रोग, अख्खा प्लॉट गेला. अर्धा तास बोलत होते. एरवी बोलत नाहीत.

---

शंकासुर | १३ जुलै, रात्री ११:०२

लोडायकरांच्या सल्ल्याने बागेचं नाव असलेली बाटली आणली. लोडायचीच. मुरांबा नाही, रम नाही. मिरी आहे. पहिला मुद्दा कायम, दुसऱ्यावर विचार चालू.

---

लोडायकर | १४ जुलै, सकाळी ८:००

😀 एवढं पुरे. पण उशीर करू नका. गेल्या काही वर्षांत वाइनचा खप घसरलाय, करार रद्द होताहेत, आणि लोडायमध्ये जुन्या बागा उपटल्या जाताहेत. माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक होती. मार्चमध्ये तिथे खोडांचा ढीग पेटवलेला पाहिला, आता बदामाची रोपं आहेत. पाटीवर लागवडीचं साल होतं, तीही गेली.

---

काठावरचा | १९ एप्रिल, रात्री ९:२८

धागा वर काढतोय, माफी असावी.

नाना ऑगस्टमध्येच परत गेले. आज फोन आला. विहिरीजवळचा थॉमसनचा (खायच्या द्राक्षाच्या जातीचा) प्लॉट यंदा काढताहेत. चौदा वर्षांचा. गेले दोन हंगाम घड लागत नव्हते, डॉगरिजवरच्या वेली असूनही. सोमवारी जेसीबी येणार. तार आणि अँगल काढून ठेवलेत, ते पुढच्या लागवडीला चालतील म्हणाले. नवी लागवड पुढच्या वर्षी, जात ठरली नाही.

मी विचारलं, एखादी ओळ ठेवायची का, बघू किती वर्षं जगते. म्हणाले, "पाणी कोण देणार तिला? आणि तिच्यावरचा केवडा बाकीच्या बागेत येईल त्याचं काय?"

मग फोन ठेवता ठेवता: "तू त्या सबस्टेशनकडं जाशील तेव्हा खोडाची साल काढून बघ. मागं मी बघितली तेव्हा मिलीबग नव्हता. आता आहे का सांग."

---

दोन_डोळे | २० एप्रिल, सकाळी ७:१०

एप्रिलमध्ये तिथे नुकती फूट निघाली असेल. साल सोलल्यावर आत पांढरं, कापसासारखं दिसतंय का बघा, आणि मुंग्या आहेत का तेही बघा. मुंग्या असल्या तर मिलीबग आहेच समजा. फोटो टाका.